आवाजाची वाट उलटी चालताना : बंद पडलेला रेडिओ, टेप आणि अ‍ॅम्प्लिफायर

मराठवाड्यातील माळवदाच्या घरांमध्ये रेडिओची जागा ठरलेली असे. ढाळजेतील देवळीत किंवा भिंतीला ठोकलेल्या फळीवर तो बसवलेला असे, त्याच्यावर विणलेला रुमाल असे, आणि उन्हाळ्यात माळवदाची पांढरी माती सुटून भुरभुर पडू लागली की ती त्या रुमालाला न जुमानता संचाच्या मागच्या भोकांतून आत जात असे. आमच्या घरचा असा एक संच मी पुष्कळ वर्षांनी उघडला, तेव्हा आतून ओंजळभर माती आणि पालीच्या अंड्यांची टरफले निघाली. पण ज्या बिघाडामुळे घरातील सर्वांनी त्या संचावर पाणी सोडले होते, तो बिघाड म्हणजे सेलच्या डब्यातून निघणारी, क्षाराने खाल्लेली बोटभर लांबीची एक तार होती. बाकीचा संच धडधाकट होता.

जुन्या ध्वनिसंचांच्या बाबतीत हे वारंवार घडते. आजच्या मोबाइलसारखी सगळी यंत्रणा एका तुकड्यात सामावलेली नसल्यामुळे त्यांचा प्रत्येक भाग वेगळा दिसतो, वेगळा तपासता येतो आणि बहुधा वेगळा बदलताही येतो. डाग देण्याचे, म्हणजे सोल्डरिंगचे काम त्यात थोडे असते. खरे काम असते ते बिघाड नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखण्याचे, आणि त्यासाठी संच उघडण्याआधी तो नीट ऐकावा लागतो.

आवाज संचातून कसा प्रवास करतो, हे प्रथम पाहू. रेडिओचा ग्रहण करणारा भाग, टेपचे हेड किंवा रेकॉर्डवरची सुई हा झाला उगम. तेथे निर्माण होणारा विद्युत संकेत अतिशय क्षीण असतो. टेपच्या हेडमधून येणारा संकेत तर व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. हा संकेत आधी एका छोट्या टप्प्यात वाढवला जातो, नंतर आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणातून, म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोलमधून जातो, पुढे मुख्य अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकर हलवण्याइतका सशक्त होतो आणि शेवटी स्पीकरच्या कागदी शंकूतून हवेत उतरतो. या सर्व टप्प्यांना वीज पुरवणारा पुरवठा-विभाग बाजूला असतो. पाटाचे पाणी शेवटच्या वावरात पोचले नाही, तर दारे धरणारा माणूस धरणावर जात नाही. तो आपल्या वावरापासून चारीच्या कडेने वर चालत जातो आणि जेथे पाणी दिसते त्याच्या खालीच फूट शोधतो. संच दुरुस्त करतानाही पुरवठा तपासल्यानंतर स्पीकरपासून उगमाकडे असेच उलटे चालायचे असते.

मुका झालेला प्रत्येक संच सारख्याच रीतीने मुका नसतो. बटण दाबल्यावर दिवा लागत नाही आणि स्पीकरमधून ‘थप्प’ असा बारीक आवाजही येत नाही, तेव्हा वीजच आत जात नसावी असे समजावे. दिवा लागतो, ‘थप्प’ होते, कान लावल्यास मंद ‘सूं’ ऐकू येते, पण गाणे येत नाही. अशा वेळी पुरवठा आणि स्पीकर दोन्ही बहुधा ठीक असून दोष मधल्या वाटेत असतो. गाण्यामागे सतत ‘घूं’ असा आवाज येत असेल, तर पहिला संशय पुरवठ्यातील कंडेन्सरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीवर घ्यावा. रेडिओ वाजतो पण टेप वाजत नाही, याचा अर्थ अ‍ॅम्प्लिफायरकडे पाहण्याचे कारण नाही, कारण ती वाट दोघांना सामाईक आहे. स्टीरिओ संचात एकच बाजू वाजत असेल, तर दोन स्पीकरांच्या तारा आपसांत बदलून पाहाव्यात. मुका स्पीकर दुसऱ्या बाजूला जोडूनही मुकाच राहिला तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या तारेचा, आणि तो वाजू लागून दुसरा मुका झाला तर दोष संचाचा. या शेवटच्या तपासणीला एक पैसाही लागत नाही, पण ती न करता चांगले आयसी, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या चिपा, उपटून फेकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. तारा बदलण्याआधी संच बंद करावा, एवढे मात्र पाळावे.

उघडण्यापूर्वी जिवाची काळजी घ्यायला हवी, आणि येथे दोन प्रकारच्या संचांमध्ये स्पष्ट फरक करावा लागतो. सेलवर चालणारे ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मर असलेले टेप-अ‍ॅम्प्लिफायर यांच्या आत, ट्रान्सफॉर्मरच्या पुढे, साधारण ६ ते ४० व्होल्ट असतात. नवशिक्याने हात घालावा तो यांतच. व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या रेडिओत मात्र २०० ते ३०० व्होल्ट एकदिश दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो. त्यातही ‘एसी-डीसी’ असे लिहिलेल्या संचांमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे प्लग एका बाजूने लावल्यास लोखंडी चासीवर, म्हणजे आतल्या सांगाड्यावर, थेट फेजची वीज येते. बाहेरचे लाकडी खोके आणि बॅकेलाइटची बटणे यांमुळेच अशा संचाला हात लावणारा सुरक्षित राहतो. बटण निखळून आतली धातूची दांडी उघडी पडलेली असेल, तर तो संच मुलांच्या हाती लागू देऊ नये. व्हॉल्व्हचा रेडिओ ज्याला माहीत आहे त्याच्याकडेच न्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्षानुवर्षे बंद असलेला संच थेट भिंतीतल्या सॉकेटला लावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक असते. वायरमन आणि मोटार बांधणारे कारागीर जो सिरीज बल्ब वापरतात, तोच येथे उपयोगी पडतो. फेजच्या तारेत ६० वॉटचा, तारेचा जुना बल्ब एकसर जोडायचा आणि त्याच्यामार्फत संचाला वीज द्यायची. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. आत कोठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटतो, सगळा दाब स्वतःवर घेतो आणि संचाचे काही जळत नाही. संच ठीक असेल तर कंडेन्सर भरताना बल्ब क्षणभर चमकतो आणि मग मंद होतो. यामागचे कारण सोपे आहे : थंड बल्बच्या तारेचा विरोध कमी असतो आणि तार तापली की तो सुमारे दहा पटींनी वाढतो, त्यामुळे जास्त वीज ओढणाऱ्या संचाला बल्ब आपोआप लगाम घालतो.

पुरवठा-विभागाची तपासणी प्लगपासून सुरू होते. पिळवटून गुंडाळलेली वायर प्लगच्या किंवा संचाच्या तोंडाशी आतल्या आत तुटते, बाहेरचे रबर मात्र अखंड दिसते. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून वायर हलवत तपासल्यास ते कळते. त्यानंतर फ्यूज पाहावा. काचेतील तार नुसती मधोमध तुटलेली असेल तर ती वयाने किंवा क्षणिक धक्क्याने तुटली असण्याची शक्यता असते. काच काळीकुट्ट झाली असेल तर आत मोठा शॉर्ट झाला आहे, आणि नवा फ्यूज घालण्याआधी तो शोधला पाहिजे. फ्यूजच्या जागी तांब्याच्या वायरीचा एक पदर गुंडाळण्याची जी आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, तिच्यामुळे दोन रुपयांच्या फ्यूजऐवजी पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मर जळतो.

आमच्या भागात ट्रान्सफॉर्मर जळण्याचे आणखी एक कारण आहे आणि त्यात संचाचा काहीही दोष नसतो. तीन फेजच्या डीपीवर न्यूट्रलची तार तुटली किंवा सैल झाली, की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी एकसर जोडली जातात आणि ज्या घरात त्या वेळी भार कमी असेल त्याच्या सॉकेटवर २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. बल्ब एकाएकी झगझगीत होऊन फुटतात, आणि ज्यांचे संच प्लगला लावलेले असतात त्यांचे संच त्यात जातात. असा संच पुढे आला की ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूचे वेटोळे मीटरने मोजावे. मीटरने अनंत विरोध दाखवला, म्हणजे वाटच लागली नाही, तर ते तुटलेले आहे. काही ट्रान्सफॉर्मरांत कागदाच्या पहिल्या पदराखाली उष्णतेने तुटणारा छोटा फ्यूज लपवलेला असतो आणि पुष्कळदा तोच गेलेला असतो. तो त्याच तापमानाचा आणि त्याच अँपिअरचा मिळाला तर ट्रान्सफॉर्मर वाचतो, परंतु तो तार जोडून कधीही टाळू नये, कारण घराला आग लागू नये यासाठीच तो तेथे बसवलेला असतो.

ट्रान्सफॉर्मरने कमी केलेली वीज उलटसुलट दिशांनी धावणारी असते. चार डायोड, बहुतेक वेळा १एन४००७ या क्रमांकाचे, तिला एका दिशेला वळवतात, आणि तरीही तिच्यात जे उंचवटे राहतात ते सपाट करण्याचे काम बोटाएवढा मोठा फिल्टर कंडेन्सर करतो. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरनंतर कंडेन्सरवर किती दाब हवा, याचा हिशेब करता येतो : १२ गुणिले १.४१ म्हणजे सुमारे १७, त्यातून दोन डायोडांचे मिळून दीड व्होल्ट वजा केले की साधारण साडेपंधरा व्होल्ट उरतात. मीटरने याच्या खूप खाली आकडा दाखवला आणि स्पीकरमध्ये ‘घूं’ असेल, तर कंडेन्सर संपला आहे. या ‘घूं’चा सूरही काही सांगतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असते आणि चार डायोडांनंतर उंचवटे सेकंदाला १०० होतात. म्हणून फिल्टरचा दोष १०० हर्ट्‌झच्या काहीशा कर्कश सुरात ऐकू येतो, तर ५० हर्ट्‌झचा खोल, जाड सूर एखादी तुटलेली जमिनीची तार, म्हणजे अर्थिंगची जाळी सुटलेली संकेताची वायर किंवा चारांपैकी एखादा गेलेला डायोड सुचवतो.

कंडेन्सर का मरतो, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण जुन्या संचांच्या दुखण्यांत त्याचा वाटा फार मोठा आहे. या प्रकारच्या कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये एका द्रवात भिजवलेला कागद असतो आणि हे सगळे गुंडाळून डबीत बंद केलेले असते. एका पट्टीवरचा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर विजेला अडवतो आणि त्यामुळेच इतक्या लहान डबीत इतका साठा मावतो. खालचे रबरी बूच वर्षांनुवर्षे थोडी थोडी वाफ बाहेर सोडते, द्रव आटत जातो आणि कंडेन्सर नावापुरता उरतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, असा नियम अभियंते वापरतात. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना पत्र्याच्या खोलीत, कपाटाच्या वर ठेवलेल्या संचाच्या आत काय चालले असेल, याची कल्पना यावरून करता येईल. उलट, संच वर्षानुवर्षे न वापरल्याने तो ऑक्साइडचा थरही कमकुवत होतो, म्हणून पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्बचा आधार दुहेरी उपयोगाचा ठरतो.

वरचे टोक फुगलेला किंवा बुडाशी तपकिरी चिकट डाग दिसणारा कंडेन्सर डोळ्यांनीच ओळखता येतो. बाकीचे मोजावे लागतात. बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवावा, व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा थोडा जास्त घ्यावा, आणि उणे बाजूची पट्टी पाहूनच तो बसवावा, कारण उलटा बसवलेला कंडेन्सर तापून फुटतो. जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या संचांत एक गंमत अशी असते की त्यांतील अनेकांमध्ये बॅटरीचे अधिक टोक चासीला जोडलेले असते; उणे टोक चासीला असणार, असे गृहीत धरून काम करणारा येथे हमखास फसतो. काढण्याआधी मोबाइलने फोटो काढून ठेवणे हा यावरचा उत्तम उपाय आहे आणि पूर्वीच्या कारागिरांना ही सोय नव्हती.

वीज ठीक आहे असे दिसले की स्पीकरकडे वळावे. त्याची एक तार सोडवून मीटरने विरोध मोजला असता ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ आणि ४ ओहमचा तीन-साडेतीन ओहम दाखवतो, कारण छापलेला आकडा चालू आवाजातला असतो. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. ‘कट्’ असा आवाज आला आणि शंकू हलला तर आतले वेटोळे शाबूत आहे. मग शंकूच्या दोन्ही बाजूंना बोटे टेकून तो हलकेच आत दाबावा. घासल्याची खरखर जाणवली तर वेटोळ्याच्या फटीत धूळ किंवा लोखंडाचा कण गेला आहे, आणि काळ्या मातीच्या मुलखात हे आश्चर्याचे नाही. कागद फाटला असेल तर पातळ कागदाचा तुकडा आणि थोडा फेव्हिकॉल एवढ्याने अनेक वर्षांचे काम होते. कडेची फोमची रिंग मात्र वयोमानाने पिठासारखी भुगा होते, ती बदलावीच लागते.

आता मधली वाट. व्हॉल्यूम कंट्रोलच्या आत कार्बनची एक अर्धगोल पट्टी असते आणि तिच्यावरून एक धातूची जीभ सरकते. पट्टीवर धूळ बसली की बटण फिरवताना खरखर होते, कधी आवाज अजिबात येत नाही आणि विशिष्ट जागीच येतो. संच बंद करून बटण वीस-तीस वेळा पूर्ण इकडून तिकडे फिरवले तरी पुष्कळदा फरक पडतो. न पडल्यास कॉन्टॅक्ट क्लीनरची एक फवारणी आत द्यावी. खोबरेल तेल, शिवणयंत्राचे तेल किंवा रॉकेल घालण्याचा मोह टाळावा, कारण तेल दोन दिवस बरे वाटते आणि मग धूळ धरून पट्टीवर चिखल करते. बँड स्विच आणि हेडफोनच्या सॉकेटमधील पत्ती यांनाही हाच नियम लागू होतो. हेडफोनचे सॉकेट तर फार फसवे आहे : पिन आत नसतानाही पत्ती नीट मिटली नाही, की संच स्पीकरला आवाज देतच नाही, आणि पिन दोन-चार वेळा आत-बाहेर केल्याने ‘मेलेला’ संच बोलू लागतो.

संचावर चापटी मारली की तो चालू होतो, असे ज्याच्याबद्दल घरात सांगितले जाते त्याचा रोग जवळजवळ ओळखलेलाच असतो. सुटे भाग बसवलेल्या पट्टीवरचा, म्हणजे पीसीबीवरचा एखादा डाग निसटलेला असतो, ज्याला कारागीर ड्राय सोल्डर म्हणतात. ट्रान्सफॉर्मर, सॉकेट, तापणारे आयसी अशा जड किंवा गरम भागांच्या पायांभोवती भिंगाने पाहिल्यास केसाएवढी गोल भेग दिसते. २५ वॉटची सळई, थोडा फ्लक्स आणि थोडे नवे कथील एवढ्यावर ती भरून येते; सळई दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवली तर खालची तांब्याची पट्टी उचलली जाते, हे लक्षात ठेवावे. जुन्या कथिलात शिसे असते, म्हणून काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये.

कमी व्होल्टच्या संचात वाट कोठे तुटली आहे, हे शोधण्याची एक जुनी युक्ती आहे. संच चालू करून व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवावा आणि व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला पेचकसाचे टोक लावून त्याच्या पात्याला बोटाने स्पर्श करावा. आपले शरीर घरातील विजेच्या तारांची गुणगुण अँटेनासारखी उचलते, त्यामुळे पुढची वाट ठीक असेल तर स्पीकरमधून मोठा ‘घर्रर’ आवाज येतो. तो आला तर दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या मागे, उगमाच्या बाजूला आहे. न आल्यास तो पुढे, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे. अर्धा संच अशा एका स्पर्शाने तपासणीतून बाद होतो. व्हॉल्व्हच्या किंवा ट्रान्सफॉर्मर नसलेल्या संचात ही युक्ती कधीही वापरू नये. अ‍ॅम्प्लिफायरमधील टीबीए ८१० किंवा एलए ४४४० यांसारखे आयसी आपल्याकडच्या असंख्य टेपांत वापरले गेले आणि ते अजूनही मिळतात, परंतु बाजारात नकली माल फार असल्याने जुना आयसी खरोखर गेला आहे, याची खात्री केल्याशिवाय तो काढू नये.

रेडिओबाबत एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे : पुष्कळदा संच बिघडलेलाच नसतो. गेल्या काही वर्षांत मध्यम आणि लघु लहरींवरची अनेक प्रक्षेपणे बंद झाली किंवा एफएमवर गेली, आणि ज्या जागी काटा ठेवायची सवय होती तेथे आता काही लागत नाही. परभणी आकाशवाणीची मध्यम लहरींवरची जागा १३०५ किलोहर्ट्‌झ. जुन्या डायलवर आकडे मीटरमध्ये असत, आणि ३,००,००० ला १३०५ ने भागले की सुमारे २३० मीटर येतात, म्हणून तेथे कित्येकांनी शाईने खूण करून ठेवलेली असे. अनेक केंद्रे अशी बंद झाल्यामुळे संचाची परीक्षा रात्री घ्यावी. मध्यम लहरी शोषून घेणारा वातावरणाचा एक थर सूर्यास्तानंतर विरतो आणि दूरदूरची केंद्रे ऐकू येऊ लागतात. परीक्षेच्या वेळी घरातील एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर बंद ठेवावेत, कारण त्यांची खरखर मध्यम लहरींवर भरून राहते. संच आडवा फिरवून पाहावा, कारण आतली काळी फेराइटची कांडी दिशा ओळखते. पट्टीवर पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या टोप्यांच्या ज्या छोट्या चौकोनी डब्या दिसतात, त्यांचे स्क्रू मात्र फिरवू नयेत. त्या सामान्यतः ४५५ किलोहर्ट्‌झवर कारखान्यात जुळवलेल्या असतात आणि यंत्राशिवाय त्या परत जुळवणे कठीण असते. केंद्र लागत नाही म्हणून सगळे स्क्रू ‘जरा जरा’ फिरवलेला रेडिओ हा दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्याला येणारा सर्वांत त्रासदायक रेडिओ असतो.

सेल गळालेल्या संचात आधी डबा साफ करावा लागतो. साध्या, स्वस्त सेलमधून येणारा स्राव आम्लधर्मी असतो, त्यावर खाण्याच्या सोड्याचे पाणी कापसाने लावावे. अल्कलाइन सेलचा स्राव त्याच्या उलट असतो, त्यावर थोडा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर चालते. नंतर ओलसर कापसाने पुसून पूर्ण वाळवावे आणि पत्ती बारीक सँडपेपरने चकचकीत करावी.

टेपरेकॉर्डरकडे मी मुद्दाम शेवटी आलो, कारण त्यात वीज आणि यंत्र दोन्ही बिघडतात. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटमधील फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि ती हेडसमोरून सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. हा वेग राखण्याचे काम एक गुळगुळीत पोलादी दांडी, म्हणजे कॅप्स्टन, आणि तिच्यावर फीत दाबून धरणारा रबरी पिंच रोलर करतात; मोटारीचा वेग त्यांच्यापर्यंत रबरी बेल्टने पोचतो. बेल्ट ताणला गेला की गाणे संथ होते आणि सूर हेलकावे खातो. तो अतिजुना झाला की डांबरासारखा वितळून चाकांना चिकटतो. अशा वेळी सगळी चाके स्पिरिटने स्वच्छ केल्याखेरीज नवा बेल्ट बसवण्यात अर्थ नसतो. नवा बेल्ट जुन्यापेक्षा किंचित लहान घ्यावा, फार घट्ट नको, नाही तर मोटारीच्या बुशवर ताण येतो. कॅसेटची फीत आत गुंडाळली जात असेल, ज्याला आपण टेपने कॅसेट ‘खाल्ली’ म्हणतो, तर दोष बहुधा पिंच रोलरच्या मळात किंवा फीत ओढून घेणाऱ्या चाकाच्या सैल बेल्टमध्ये असतो.

आवाज येतो पण कांबळ्याखालून आल्यासारखा दबलेला येतो, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. फितीवरच्या लोहाच्या ऑक्साइडची तपकिरी पूड हेडवर साचते आणि बारीक सूर हरवायला तेवढी फटही पुरते. कापूस गुंडाळलेली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हेड आणि कॅप्स्टन पुसावे. काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसावे. तरीही आवाज दबलेलाच असेल तर हेडच्या एका बाजूचा स्प्रिंग असलेला स्क्रू पाहावा. तो हेडचा तिरपेपणा ठरवतो, आणि तो तिरपेपणा जरासा चुकला तरी टाळांची किणकिण नाहीशी होते. जिच्यात टाळ स्पष्ट असतील अशी एखादी भजनाची कॅसेट लावून तो स्क्रू पाव फेऱ्याच्या आतच इकडे तिकडे करावा आणि टाळ सर्वांत उजळ वाजतील तेथे थांबावे. गंमत अशी की घरी ध्वनिमुद्रित केलेली कॅसेट ज्या टेपवर भरली त्याच्या हेडच्या तिरपेपणाशी बांधलेली असते, त्यामुळे आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट ऐकताना हा स्क्रू त्या कॅसेटपुरता वेगळा जुळवावा लागू शकतो.

रेकॉर्ड-प्लेयर आणि सीडी यांचे थोडक्यात. स्वस्त रेकॉर्ड-प्लेयरच्या जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमधील, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीतील रोशेल मिठाचा स्फटिक ओल आणि सुमारे ५५ अंशांच्या वरची उष्णता दोन्ही सहन करीत नाही. पत्र्याखालच्या ट्रंकेत राहिलेला प्लेयर नुसती सुई बदलून वाजत नाही, त्याचे कारण हेच असते आणि तेथे सिरॅमिक कार्ट्रिज बसवावे लागते. सीडी-प्लेयरमध्ये भिंग हलक्या हाताने पुसून पाहावे, ट्रे अडकत असेल तर त्याचा बेल्ट बदलावा. लेसरच संपला असेल तर बहुतेक वेळा त्या संचाचा नाद सोडणेच शहाणपणाचे असते. जळलेला, पुन्हा गुंडाळावा लागणारा ट्रान्सफॉर्मर किंवा झिजलेले टेपचे हेड यांच्याबाबतही खर्चाचा विचार करूनच हात घालावा. सुटे भाग आसपास न मिळाल्यास नांदेड-लातूरकडची मंडळी हैदराबादच्या कोठी भागातील गुजराती गल्ली गाठतात, छत्रपती संभाजीनगर-जालन्याकडची पुण्याचा बुधवार पेठेचा परिसर किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड पाहतात. आयसी आणि बेल्ट आता घरबसल्या मागवताही येतात, फक्त बेल्टचा घेर सुतळीने मोजून ठेवावा.

दुरुस्त केलेला संच तासभर सिरीज बल्बवर, नंतर दोन तास थेट विजेवर माणसाच्या नजरेखाली चालवावा. त्यानंतर प्लग काढून, क्षणभर थांबून, ट्रान्सफॉर्मर आणि आयसीची उष्णता बाहेर सोडणारे धातूचे पाते हाताला किती तापलेले लागते ते पाहावे. टेप चालू झाला असेल, तर पहिल्याच दिवशी घरातील एकमेव कॅसेट त्यात घालू नये. आधी टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजवून पाहावी. मग मूळ कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे चिकटलेले पदर सुटतात, आणि टेपच्या हेडफोन सॉकेटमधून संगणकाच्या लाइन-इनला वायर जोडून, व्हॉल्यूम एक-तृतीयांशाच्या वर न नेता, ए बाजू संपेपर्यंत अखंड ध्वनिमुद्रण चालू ठेवावे.